पारावरचं घोंगडं

रखमाजीशेटांनी त्या दिवशी पहाटे दुकानातलं एक काळं घोंगडं काखेत मारलं आणि ते घराबाहेर पडले. माणूस घोंगडं घेऊन बाहेर पडला म्हणून जगाचं काही बिघडायचं कारण नाही. त्याऐवजी त्यांनी तीन गोणपाटं नेली असती, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण गोणपाटांना गिऱ्हाईक होतं, आणि घोंगड्याला एका कोपऱ्यात कसर लागायला लागली होती. (व्यापारी माणूस परोपकार करतो तेव्हा माल निवडून करतो.) शिवाय घोंगडं चांगलं लांबरुंद होतं. तिघं ऐसपैस बसून चौथ्याला ‘या, टेका’ म्हणावं, एवढं.

आता हे घोंगडं कशाला, ते सांगायला हवं.

भोरच्या बाजारपेठेत रखमाजीशेटांचं किराण्याचं दुकान होतं. उभी जवानी त्यांनी गादीवर, तक्क्याला टेकून काढली. त्यामुळं दुकान वाढलं, पोट वाढलं, आणि कंबर मात्र अशी धरली की खाली पडलेली वस्तू त्यांच्या लेखी परलोकात गेली. हातातली सुपारी पडली तर ते गिऱ्हाइकाला म्हणत, “पाव्हणं, ती सुपारी तेवढी उचला.” पाव्हणा उचली, धोतराला पुशी, आणि स्वतःच्या तोंडात टाकून “काय भाव?” विचारी.

इथवर चालून गेलं असतं. पण थोरल्या पारूचं लग्न ठरलं. स्थळ कामथडीचं, चिमाजीशेटांचा मुलगा. घर उत्तम, मुलगा सालस, फक्त चिमाजीशेट मानपानाला कडक. कुठल्याशा लग्नात कुणी विडा डाव्या हातानं दिला म्हणून हे गृहस्थ पानावरून उठून घरी गेले होते. आणि कन्यादानात मुलीच्या बापानं पाटावर बसायचं, पुढं वाकायचं, जावयाचे पाय धुवायचे. गेल्याच वर्षी पुतणीच्या लग्नात रखमाजीशेट असेच वाकायला गेले. अर्ध्यात कंबर अडकली, हातातला गडू अधांतरी राहिला, आणि सगळं पाणी नवरदेवाच्या मांडीवर! ओल्या धोतरानं तो बोहल्यावर उभा राहिला. त्या घरची माणसं अजूनही शेट समोरून आले की आधी धोतर सावरतात.

चिमाजीशेटांच्या मुलाचं धोतर भिजलं तर? छे. चिमाजीशेट आल्या पावली वरात परत नेतील. तेव्हा लग्नाच्या आत कंबर वाकली पाहिजे, आणि ती आज वाकत नाही हे कामथडीला कळता कामा नये, असा रखमाजीशेटांनी पण केला.

त्याच सुमारास मानसिंग मास्तरांनी ताठलेल्या मंडळींसाठी सोप्या आसनांचा क्लास काढला होता. मास्तर शाळेत ड्रिल शिकवून रिटायर झालेले. ‘हळूहळू, अंगाला सोसेल तेवढंच’ हे क्लासचं ब्रीद होतं, पण जन्मभर मुलांवर ओरडून आवाज असा पडला होता की मास्तर “हळू!” म्हणाले की देवळाच्या शिखरावरची पारवी उडून जात.

मेंबर तिघं. रखमाजीशेट, दुसरे आनंदराव, संस्थानचे पेन्शनर कारकून. नोकरीभर त्यांनी इतके मुजरे केले की पेन्शन लागली त्या दिवशी जे ताठ झाले ते आजतागायत. आणि तिसरा गेनबा तेली. आपल्याला पायाचे अंगठे आहेत, हे गेनबा ऐकीव माहितीवर सांगत असे.

सुरुवातीला क्लास देवळाच्या सभामंडपात भरे. पण तिथं पहाटे बायका दर्शनाला येत, आणि देवाआधी गेनबाचं दर्शन घेऊन पदरात हसत. एखादीचं माहेर कामथडीचं निघालं म्हणजे? रखमाजीशेटांनीच तोड काढली, “मास्तर, गावाबाहेर वेल्ह्याच्या वाटेवर वडाचा पार आहे. तिथं सकाळचं चिटपाखरू नसतं.”

“पण पारावर दगड गार. खाली लोकर पाहिजे,” मास्तर म्हणाले.

“ते माझ्याकडं लागलं.”

म्हणून घोंगडं.

ते काखेत मारून निघताना त्यांच्या पत्नी ठकुबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “मी पण येते.”

“कुठं?”

“तुमच्या मास्तरांकडं. कन्यादानाला तुमच्या शेजारच्या पाटावर मलाच बसायचंय ना? माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?”

शेट हसले. (हे हसणं पुढं महाग पडलं.) “अगं, बायकांना कसली आसनं? जातं आहे, आड आहे, चूल आहे. दिवसभर तेच चाललेलं असतं की तुमचं.”

“मग तुम्हीच दळा की. कंबर मोकळी होईल.”

“पारावर चार पुरुषांत तू बसणार? लोक काय म्हणतील?”

“बरं,” ठकुबाई म्हणाल्या.

गिऱ्हाईक ‘बघतो’ म्हणून जातं ते पुन्हा दिसत नाही. ठकुबाईंचं ‘बरं’ मात्र परत आल्याशिवाय राहत नसे. पण शेट घाईत होते.

पारावर घोंगडं पसरलं. पायताणं खाली काढून तिघं ओळीनं मांडी घालून बसले. (मांडी म्हणजे प्रत्येकानं आपापल्या ताकदीप्रमाणं.) मास्तर म्हणाले, “आज मान मोकळी करायची. आधी खाली-वर. मग डावीकडं-उजवीकडं. मग गोल. हाच क्रम, पुन्हा पुन्हा. डोळे मिटलेले, तोंड बंद. जो मौन मोडेल त्याचा सगळा फायदा वाऱ्यावर. चालू ठेवा, मी त्या चौथ्या मेंबराला अंथरुणातून उचलून आणतो. नाव घालून गेलाय आणि एक दिवस तोंड दाखवलं नाही!”

मास्तर गेले. तीन माना सावकाश हलायला लागल्या. सगळं कसं शांत होतं. एक गोष्ट तेवढी तिघंही विसरले होते. तो बाजारचा दिवस होता.

वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर एक रीत होती. घरातलं भांडण घरात मिटेना झालं की झाडाखाली काळं घोंगडं अंथरायचं, वर जाणती माणसं बसवायची, आणि घोंगड्यावरून जो निवाडा होईल तो दोन्ही बाजूंनी मुकाट पाळायचा. घोंगडं गुंडाळल्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. आता अशा वाडीवरचा ज्ञानू आणि त्याची बायको बनाबाई, डोक्यावर तुपाचं गाडगं, मागं दोरीला शेळी, रात्रीपासून भांडत खाली उतरतात काय आणि वडाखाली काळ्या घोंगड्यावर तीन पोक्त माणसं डोळे मिटून बसलेली बघतात काय! बनाबाई थबकलीच.

“आवो, पंच बसल्याती! चला, हितंच सोक्षमोक्ष करू.”

“बाजाराला उशीर हुईल,” ज्ञानू म्हणाला.

“हू दे. रातभर तोंड वाजवलंत तवा उशीर झाला न्हाई तो?” आणि तिनं गाडगं उतरवून हात जोडले. “राम राम, पंचांनू. माज्या बानं लग्नात मला एक शेळी आंदन दिली. ती शेळी माजी का न्हाई?”

तीन माना खाली गेल्या आणि वर आल्या.

“बगा! आन् तिला झालेली करडं? ती बी माजीच का न्हाई?”

माना पुन्हा खाली, पुन्हा वर.

रखमाजीशेटांना वाटत होतं, वाटसरू आपसांत बोलताहेत. जातील पुढं. मग धोतराच्या सोग्याला कुणी हिसका दिला, म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला केला. समोर शेळी. सोगा तिच्या तोंडात. मागं हात जोडलेली बाई, आणि तिच्या मागं ज्ञानू!

ज्ञानू शेटांच्याच दुकानात तूप घाली, आणि इथून निघाला की मेंढरं घेऊन नसरापूर, कामथडीपर्यंत जाई. ज्ञानूच्या कानात पडलेली गोष्ट दवंडीवाल्याला पुन्हा सांगावी लागत नसे. ‘बाबा रे, आम्ही पंच नाही, आमची अंगं धरलीत म्हणून माना हलवतोय’ असं सांगितलं, की चिमाजीशेटांच्या घरी ते संध्याकाळच्या जेवणाला तोंडी लावायला! पंच ठरलेलं परवडलं. शेटांनी डोळा मिटून घेतला.

“आरं पन बोकड माजा हुता की!” ज्ञानू कळवळून म्हणाला. “बोकडाचा कायच वाटा न्हाई व्हय?”

इथं क्रमानं डावी-उजवी आली. तीन माना ठामपणे डावीकडं गेल्या, उजवीकडं गेल्या.

“न्हाई म्हनत्यात,” बनाबाई म्हणाली.

“पंचांनू, फिरून इचार करा की. समद्या बाजूनं बगा.”

माना गोल फिरल्या. सगळ्या बाजूंनी.

“बगितलं,” बनाबाई म्हणाली. “आता माजं करडू मला न इचारता इकायचं न्हाई. बरूबर?”

माना खाली, माना वर. ज्ञानूनं मुंडासं काढून घोंगड्याला हात लावला. “पंचांचा शबूद. झालं.” बनाबाईनं तांब्याभर ताक घोंगड्याच्या कडेला ठेवलं, शेळीच्या तोंडातून सोगा सोडवला, आणि नवऱ्याच्या पुढं होऊन बाजाराची वाट धरली.

गेनबानं डोळे उघडले. “शेट, हे काय झालं?”

“गप. मान हलव.”

“पर ताक?”

“ते पी, मग हलव.”

दुसऱ्या दिवशी पारावर चार माणसं होती. तिसऱ्या दिवशी वरच्या वाडीची निम्मी वस्ती. बातमीच तशी होती. भोरला वडाखाली मुके पंच बसतात. तंबाखू मागत नाहीत, तारीख देत नाहीत, बोलून अपमान करत नाहीत, आणि भिजत पडलेलं घोंगडं उन्हं वर यायच्या आत वाळवून देतात. मानसिंग मास्तरांना वाटलं, लोक आसनं बघायला जमताहेत. त्यांना भरून आलं. ते आणखी मोठ्यानं ओरडायला लागले, आणि लोकांनी त्यांना पंचांचे चोपदार ठरवून टाकलं.

आनंदराव एकदा दबक्या आवाजात म्हणाले, “शेट, हे बेकायदेशीर आहे. मी सरकारी माणूस.”

“तुम्ही मान मोकळी करताय. मानेवर कायदा आहे का?”

“नाही,” आनंदराव विचार करून म्हणाले.

“मग झालं. पारूच्या लग्नापर्यंत कळ काढा.”

या न्यायात एक मेख होती, आणि ती पहिल्यांदा बायकांनी ओळखली. क्रम ठरलेला! मान आधी खाली जायची, मग आडवी. म्हणजे जो पहिला विचारील त्याचं खरं, आणि मागून बोलेल त्याचं खोटं. बनाबाईनं ही गोष्ट पाणवठ्यावर सांगितली. आता पहाटे आधी कोण उठतं? नवरे पारावर डोळे चोळत पोचेपर्यंत बायकांचे निवाडे होऊन त्या परतीच्या वाटेला लागलेल्या असत. एका सासूनं सुनेआधी पोचायचं म्हणून आदल्या संध्याकाळीच पारावर मुक्काम टाकला, तेव्हा सून तिच्यासाठी भाकरी घेऊन आली, आणि भाकरी खाता खाता त्या दोघींचं भांडणच मिटलं. पंचांच्या खात्यावर तेही जमा झालं.

आणि खरं सांगायचं तर रखमाजीशेटांना हे सगळं गोड लागायला लागलं होतं. दुकानात गिऱ्हाईक पायरीशी पायताण काढून “पंच, पावशेर गूळ” म्हणे. सुपारी पडली तर लोक उचलून, पुसून, हातात देत. शिवाय अंगाला गुण येत होता. मान घड्याळाच्या लंबकासारखी हलायला लागली, मांडी जमली, वाकून हाताची बोटं नडगीपर्यंत पोचली. क्लास फर्स्ट क्लास होता, यात वादच नाही.

आणि मग महिन्याभरानंतरचा एक बाजारचा दिवस आला. पारावर ही गर्दी. मास्तर गरजत होते, पंच बसले होते. शेटांनी सवयीनं एक डोळा किलकिला केला. गर्दीत छत्रीला टेकून, लग्नाच्या कापडखरेदीला भोरला आलेले चिमाजीशेट उभे होते! पण मुद्रा रागाची नव्हती. शेजारच्याला ते सांगत होते, “ते मधले ना? आमचे व्याही.” रखमाजीशेटांनी पाठ आणखी ताठ केली. गर्दी दुभंगली आणि पदर खोचून पुढं कोण आलं?

ठकुबाई!

या बाईला सगळं ठाऊक. पंच कसले, कंबर कसली, सगळं. एक शब्द, आणि सोयरीक पाण्यात.

ठकुबाईंनी शांतपणे हात जोडले. “पंचांना राम राम. मी बाजारपेठेतल्या एका दुकानदाराची बायको. नाव घेत नाही, सगळ्यांदेखत घ्यायची रीत नाही.”

बायका फिसकन हसल्या.

“आमच्या घरी लगीन आहे. कन्यादानाला आमचे मालक बसणार...” इथं त्यांनी चिमाजीशेटांकडं बघून पदर सारखा केला. रखमाजीशेटांनी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ कबूल केला. “...मालक बसणार, तशी मी पण बसणार. माझे गुडघे धरलेत. मालकांना म्हटलं, मलाही मास्तरांकडं जाऊ द्या, तर मालक हसले. आता पंचांनीच सांगावं. बायकांनी पण पहाटे इथं येऊन अंग मोकळं करावं का नाही?”

“मान खाली!” मास्तर गरजले.

शेटांनी मान रोखायचा जिवापाड प्रयत्न केला. महिन्यापूर्वी तो सहज साधला असता. पण आता मानेला वळण लागलं होतं. आनंदरावांची गेली, गेनबाची गेली, आणि मागोमाग शेटांचीही गेली.

“आणि मी इथं असेन तोवर घरची चूल मालकांनी पेटवावी?”

“पुन्हा खाली!”

गेली.

“वा!” चिमाजीशेट मोठ्यानं म्हणाले. “स्वतःच्या घरावर निवाडा देणारा पंच मी आज पहिल्यांदा बघितला!” गर्दीनं माना डोलावल्या. बायकांनी ठकुबाईंना मधोमध घेतलं, आणि मास्तरांना एका सकाळीत इतके नवे मेंबर मिळाले की त्यांना दुसरी बॅच काढावी लागली. आधी बायका, मग पुरुष.

त्यानंतर रोज पहाटे भोरच्या बाजारपेठेत एका घराच्या कौलांतून जो धूर निघे, तो पंचांचा. चुलीपुढं गुळाच्या डब्यावर बसून, फुंकणी फुंकून शेटांचे गाल दुखत, डोळ्यांतून धारा लागत, आणि चहाला असा काही वास येई की पारू कप नाकापासून लांब धरून “छान झालाय, आबा” म्हणे. ठकुबाई मात्र पारावरून परतताना ओसरीच्या पायऱ्या हल्ली कठड्याला न धरता चढत. शेट धुरातून ते बघत आणि मनाशी म्हणत, ‘असू दे. कामथडीला कळलं नाही ना? मग चूल काय, भट्टी लावीन.’

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला. वरपक्षानं कामथडीहून छकड्यातून आपला चौरंगही आणला होता. मानपानाची माणसं, त्यांना आपलाच चौरंग लागत असेल, म्हणून कुणी काही बोललं नाही.

गुरुजींनी कन्यादानाला बोलावलं. रखमाजीशेट पुढं झाले, आणि कुणाचा हात न धरता सावकाश, एका दमात, पाटावर मांडी घालून बसले. मांडवाच्या कडेला मानसिंग मास्तरांचे डोळे पाणावले. शेटांनी खोल श्वास घेतला. गडू उचलला. कमरेतून पुढं वाकले, असे वाकले की गेल्या वीस वर्षांत वाकले नव्हते. आणि त्यांचं कपाळ कशावर तरी टक्कन आपटलं.

तो चौरंग होता. हा एवढा उंच! त्यावर परात, परातीत जावयाचे पाय. ते पाय थेट शेटांच्या छातीसमोर. वाकायची गरजच नव्हती. ताठ बसून, हात लांब करून, ओवाळावं तसं धुवावं.

“लागलं का हो?” चिमाजीशेट हळूच कानाशी वाकले. (तेही अर्धेच वाकले, आणि पुढचं बोलणं तसंच अर्ध्यातून झालं.) “मुद्दाम सुताराकडून उंच करून घेतला. आमच्या थोरलीच्या लग्नात मी वाकलो होतो, तेव्हा मला चौघांनी धरून सरळ केलं. म्हटलं, तुमच्या कमरेचंही तसंच आहे, तर व्याह्यांना कशाला त्रास?”

शेटांच्या हातातला गडू थांबला. “माझ्या कमरेचं? तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आमच्या मंडळींनी, साळूबाईंनी.”

“त्यांना?”

चिमाजीशेटांनी हनुवटीनं रखमाजीशेटांच्या उजवीकडच्या पाटाकडं खूण केली.

शेटांनी मान वळवली. (सहज वळली.) “कधी सांगितलंस?”

“साखरपुड्याच्याच दिवशी,” ठकुबाई परातीवर नजर ठेवून म्हणाल्या. “विहीणबाई त्यांच्या ह्यांचं सांगत होत्या, मग मी आपल्या ह्यांचं सांगितलं. पाणी घाला, गुरुजी थांबलेत.”

“आणि मी इतके दिवस तोंड मिटून पारावर... तो धूर... मला का नाही बोललीस?”

“बोलले असते तर तुम्ही पारावर गेला असता? आणि तुम्ही गेला नसता, तर मला कुणी जाऊ दिलं असतं?” एवढं बोलून ठकुबाई अक्षता घ्यायला पाटावरून टुणकन उठल्या, घेऊन आल्या आणि पुन्हा तशाच अलगद बसल्या.

रखमाजीशेटांना असा संताप आला की काही विचारू नका. रुसून उठायचा मान काय वरपक्षालाच असतो? विधी आटोपू दे, मग मुलीच्या बापानंही एकदा रुसून दाखवायचं, भर मांडवातून ताडकन उठायचं आणि माडीवर जाऊन दार लावून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पाय धुऊन झाले, संकल्प झाला, मंडळी पंगतीकडं वळली. शेटांनी दोन्ही हात जमिनीला टेकले, दात आवळले आणि जोर केला.

पारावर ते बरं होतं. आसनं संपली की कडेपर्यंत सरकायचं आणि पाय खाली सोडायचे. मांडवाला कड नव्हती. आणि खाली बसलेला माणूस जमिनीवरून उठतो कसा, ते प्रकरण मानसिंग मास्तर दिवाळीनंतर घेणार होते.

मांडव रिकामा झाला तरी शेट पाटावरच. लांबून बघणाऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एकजण म्हणाली, “बघा गं बापाचं काळीज. लेक दिली, पण जागचा हलवत नाही त्याला.”